चढावरचा तिळगूळ

"ह्या सीझनमध्ये एक तरी पॉइंट ह्या घरात आला पाहिजे," अलका इस्त्री करता करता म्हणाली. "नाहीतर ती सायकल विकायची."

श्रीकांत शेवडे तेव्हा कार्पेटवर जुनं वर्तमानपत्र पसरून सायकलची साखळी दात घासायच्या ब्रशने घासत होता. ब्रश कोरा होता. श्रीकांत इंग्लंडात, लेस्टरमध्ये दातांचा डॉक्टर होता, त्यामुळे घरात ब्रशांना तोटा नव्हता. पण म्हणून ते साखळीला वापरावेत हे अलकाला मान्य नव्हतं.

"एक पॉइंट म्हणजे काय, काहीच नाही," तो मान वर न करता म्हणाला.

"तेच म्हणतेय मी. काहीच नाही, तर घेऊन ये."

अलकाची बाजू अगदीच चुकीची होती असं म्हणता येणार नाही. सायकल इटालियन होती, नाजूक होती आणि ती डायनिंग रूममध्ये राहायची. जेवणाचं टेबल गॅरेजमध्ये गेलं होतं, कारण गॅरेजमध्ये दमट हवा असते आणि ती सायकलला मानवत नाही. टेबलाला मानवते का, हे कोणी विचारलं नव्हतं. गेलं वर्षभर शेवडे मंडळी सोफ्यावर बसून, मांडीवर ताट घेऊन जेवत होती. महाराष्ट्र मंडळातले कोणी जेवायला आले तर तेही तसेच जेवत आणि अधूनमधून डायनिंग रूमकडे बघत. शिवाय रविवार नावाचा वारच घरातून गेला होता. रविवारी पहाटे श्रीकांत चट्ट्यापट्ट्यांचे घट्ट कपडे घालून निघायचा आणि दुपारी भाजल्यासारखा परत यायचा. निकालात त्याचं नाव मात्र कधी दिसायचं नाही.

श्रीकांतचीही बाजू होती. तो कोल्हापूरचा. त्या गावात शरीर कमावणं ही साधी अपेक्षा असते, आणि ती त्याने कधी पुरी केली नव्हती. शाळेत अभ्यासात पहिला, पण पोत्याच्या शर्यतीत असा काही अडकला होता की त्याला बाहेर काढायला ड्रॉइंगच्या सरांना कात्री घेऊन यावं लागलं. कबड्डीच्या संघात त्याला घेतलं होतं ते पाण्याची बादली सांभाळायला. आता चाळिशी उलटल्यावर त्याला एवढंच हवं होतं, की कुठल्या तरी खेळाच्या कुठल्या तरी कागदावर आपलं नाव असावं आणि नावापुढे शून्य सोडून काहीतरी असावं. ह्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण इच्छा खरी होती आणि ती त्याला रात्रंदिवस टोचत असे.

क्लबच्या रोड रेसमध्ये पहिल्या दहांना पॉइंट मिळत. एप्रिलमधल्या पहिल्या रेसला पहिल्याच चढावर सगळा घोळका त्याला सोडून पुढे गेला. उरलेली रेस तो आणि अँब्युलन्स अशी दोघांनीच केली, कारण नियमाप्रमाणे अँब्युलन्स शेवटच्या माणसाच्या मागे असते. ड्रायव्हर गप्पिष्ट होता. श्रीकांत डॉक्टर आहे आणि तोही दातांचा, हे कळल्यावर त्याने गाडी बाजूला आणून चालत्या गाडीच्या खिडकीतून आ करून दाखवला. फिनिशपर्यंत श्रीकांतने त्याच्या अक्कलदाढेचं निदान केलं होतं.

मे महिन्यात तो अर्ध्या रेसपर्यंत घोळक्यात टिकला. त्याला स्वतःला विश्वास बसेना. मग एक राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, आला. रेसचा मार्शल झेंडा दाखवून सगळ्यांना सरळ सोडत होता, पण उजवीकडून एक म्हातारी बाई हळूहळू गाडी घेऊन येत होती. ज्याने इथली ड्रायव्हिंग टेस्ट तिसऱ्या खेपेला काढली आहे, त्याला उजवीकडून येणाऱ्या गाडीसाठी न थांबणं शक्यच नसतं. श्रीकांत थांबला. म्हातारी बाईही थांबली, कारण तिला झेंडा दिसला होता. तिने हाताने म्हटलं, तुम्ही. ह्याने हाताने म्हटलं, नाही, तुम्ही. घोळका तोवर पुढच्या गावात होता.

जुलैमध्ये तो इतका मागे पडला की मार्शल वाटेवरचे बाण काढून घरी निघून गेले. श्रीकांत रस्ता चुकून एका चर्चच्या जत्रेत शिरला. तिथे त्याला चहा मिळाला आणि लॉटरीत मार्मालेडची बरणी लागली.

"हा पॉइंट नाही," अलका बरणी हातात घेऊन म्हणाली.

"मार्मालेड आहे."

"दिसतंय मला."

ऑगस्ट संपला, रोडचा सीझन संपला, आणि अलकाने सायकलचे फोटो काढायला कॅमेरा बाहेर काढला. तेव्हा ट्रेव्हर मदतीला आला. ट्रेव्हर म्हणजे क्लबचा सेक्रेटरी. वयाने सत्तरीचा, पायाने पस्तिशीचा, आणि गेली कित्येक वर्षं तोच तो लोकरी टोपा घालणारा.

"सायक्लोक्रॉस कर," ट्रेव्हर म्हणाला. "सप्टेंबर ते जानेवारी. सीझन तोच धरतात. पार्कमध्ये, चिखलात, गोल गोल फिरायचं. तिथे कोणी मागे पडत नाही."

"का?"

"सगळेच गोल फिरत असतात. शेवटचा कोण ते कळतच नाही."

श्रीकांतला हा खेळ आपल्यासाठीच काढला आहे असं वाटलं. चाळिशीच्या वरच्यांचा गट वेगळा होता आणि त्यात पहिल्या वीस जणांना पॉइंट होते. ट्रेव्हरने स्वतःची जुनी क्रॉसची सायकल वापरायला दिली. इटालियन डायनिंग रूममध्येच राहिली. एवढं ठरल्यावर श्रीकांतने अलकाला नियम समजावून सांगितले.

"मध्ये फळ्या लावलेल्या असतात. तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची आणि उडी मारायची. मग एक मोठा चढ असतो. तो सायकल खांद्यावर घेऊन पळत चढायचा."

अलकाने शांतपणे ऐकून घेतलं. "मग सायकल कशाला लागते?"



एक गोष्ट मात्र झाली. चिखलाने सायकल जाम झाली तर बदलायला दुसरी तयार लागते, आणि ती धरून कडेला कोणीतरी उभं राहावं लागतं. दुसरी सायकल म्हणजे अलकाची माउंटन बाइक. अलका काउन्सिलच्या लायब्ररीत कामाला होती आणि रोज त्याच सायकलवरून जायची, उन्हापावसात, कॅरिअरला भाजीच्या पिशव्या बांधून. पुण्यात कॉलेजची सगळी वर्षं तिने सायकलवरच काढली होती. त्यात आपण काही खेळतो आहोत असं तिला कधी वाटलं नव्हतं. आपली सायकल दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही म्हणून ती स्वतःच रेसला यायला लागली. एका हाताने सायकल धरायची, दुसऱ्या हातात लायब्ररीचं पुस्तक. श्रीकांत समोरून गेला की पान न सोडता विचारायची, "अजून किती?"

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. श्रीकांतचा नंबर चाळिसाच्या आसपास यायचा. एकदा चौतिसावा आला, पण त्या दिवशी फ्लूची साथ होती.

दरम्यान कोल्हापूरहून त्याची आई, मधुमतीबाई, सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी डायनिंग रूममध्ये डोकावून पाहिलं. स्वतंत्र खोली, मधोमध स्टँडवर उभी केलेली वस्तू, वर दिवा, कुठे धुळीचा कण नाही. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि सायकलला हळदकुंकू वाहिलं.  इतक्या दिवसांत त्या घरात सायकलला मान देणारं ते पहिलंच माणूस होतं.

सीझनची शेवटची रेस जानेवारीत होती आणि ती नेमकी संक्रांतीच्या दिवशी आली. मधुमतीबाईंनी आदल्या दिवशी तिळाचे लाडू करायला घेतले. गुळाची पारख त्यांना उपजत होती. बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानात जाऊन त्यांनी चार ढेपा फोडून पाहिल्या, नाकं मुरडली आणि त्यातल्या त्यात बरा म्हणून चिक्कीचा गूळ घेतला. खरी गोची पुढे झाली. पाक गोळीबंद झाल्याबरोबर त्यांनी शेगडी बंद केली. पण ती विजेची शेगडी. तिचं बटण बंद केलं तरी तिची तबकडी आपल्या मनाने पुढे बराच वेळ लाल राहते. मधुमतीबाईंचा सगळा जन्म गॅसवर गेलेला, बंद केलं म्हणजे बंद झालं. त्या निवांतपणे हाताला तूप लावत बसल्या आणि पाक तिकडे पुढे पुढे जात राहिला.

संध्याकाळी श्रीकांतने एक लाडू उचलला. दाताखाली धरला, जरासा दाब दिला आणि अनुभवी माणसासारखा बाहेर काढून ठेवला.

"आई, हा लाडू नाही. हे माझं पुढच्या वर्षीचं उत्पन्न आहे."

"चावायचा कशाला?" मधुमतीबाई म्हणाल्या. "तोंडात धरायचा. विरघळतो आपोआप. आत गोडच आहे."

"टाकून देऊ आणि नवे करू या का, आई?" अलकाने हळूच विचारलं.

"तिळगूळ कोणी टाकून देतं का? एवढा सण. आणि हा सणाच्या दिवशी एकटाच कुठल्या चिखलात जाणार? मी येते. तिथे चार माणसं असतील ना, त्यांना वाटू."

"तिथे कोणी ओळखीचं नाही, आई."

"मग ओळख होईल."

रविवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. मधुमतीबाईंनी काळी चंद्रकळा, त्यावर मुलाचं जुनं अनोरॅक जॅकेट आणि मफलर असा वेष केला होता. अलकाने संक्रांत म्हणून काळा पंजाबी ड्रेस घातला होता. ट्रेव्हरने मधुमतीबाईंना घडीची खुर्ची दिली आणि डब्यात काय आहे ते विचारलं. श्रीकांतने त्याला समजावून सांगितलं, की हा सण आहे, आज हे सगळ्यांना द्यायचं असतं आणि घेणाऱ्याने नाही म्हणायचं नसतं.

"आपल्याकडेही तसंच," ट्रेव्हर म्हणाला. "क्रॉसमध्ये लोक चढावर उभे राहून रायडर्सना काय काय देतात. डोनट, केक. मी एकदा बिअर घेतली होती. तिला चढावरच बसव. तिथे सगळे सावकाश असतात."

अशा रीतीने मधुमतीबाई अधिकृतपणे चढाच्या माथ्यावर बसल्या. श्रीकांतला तेव्हाच काहीतरी वाटायला हवं होतं, पण त्याच्या डोक्यात फक्त वीस हा आकडा होता. आजची शेवटची रेस. आज नाही तर सायकल जाणार. जाहिरातीचा मजकूर अलकाने लिहून फ्रिजवर लावलासुद्धा होता.

सुरू व्हायला थोडा वेळ असताना ट्रेव्हर टोपा हातात घेऊन अलकाकडे आला. बायकांची रेसही ह्याच वेळी, ह्याच कोर्सवर असायची. आज थंडीमुळे फक्त दोघी आल्या होत्या, आणि तिघी नसतील तर त्यांची रेस लीगमध्ये, म्हणजे पॉइंटांसाठी, धरत नाहीत.

"तुझ्याकडे सायकल आहे," ट्रेव्हर म्हणाला. "आणि ती तुझीच आहे."

"मी? ह्या ड्रेसमध्ये?"

"ड्रेसबद्दल नियम नाही. हेल्मेट लागतं."

"आणि मी चालत गेले तर?"

"निम्मे लोक चालतातच. फक्त शेवटपर्यंत जायचं."

अलका नाही म्हणणार होती. पुस्तकात खुनी सापडायची वेळ आली होती. पण त्या दोघींपैकी एक नर्स होती, रात्रपाळी करून तशीच आली होती, आणि नुसती अलकाकडे बघत होती. अलकाने पुस्तकात खूण घातली. ओढणी कमरेला बांधली, सलवार मोज्यांत खोचली.

"म्हणजे आता तुला दुसरी सायकल नाही," ती श्रीकांतला म्हणाली. "जपून चालव."

शिट्टी झाली. सवयीप्रमाणे सगळा घोळका श्रीकांतला मागे टाकून निघून गेला. फळ्या ओलांडून, चिखलातून, झाडांना वळसा घालून पुढची मंडळी चढाशी पोचली, सायकली खांद्यावर घेतल्या आणि धापा टाकत वर पळाली. वर मधुमतीबाई लाडू घेऊन उभ्या होत्या.

"तिळगूळ घ्या, गोड बोला," त्या पहिल्या रायडरला म्हणाल्या.

त्याने सभ्यपणे त्यांच्याकडे पाहिलं. पण त्याचा एक हात सायकलीत अडकलेला होता आणि दुसरा तोल सांभाळत होता. मधुमतीबाईंना त्याची अडचण कळली. हात मोकळे नाहीत बिचाऱ्याचे. तोंड मात्र उघडं होतं. त्यांनी लाडू थेट तोंडात घातला.

"थँक..." एवढंच तो म्हणाला. पुढचा शब्द गुळात बसला.

दुसऱ्यालाही घातला, तिसऱ्यालाही. मग रांगच लागली. इंग्रज माणूस रांगेत असला की पुढच्याने घेतलं ते आपणही घ्यावं, एवढं त्याला कळतं. कोणी नको म्हणालं नाही. नको म्हणायला तोंड उघडलं त्यांना आधी मिळाला.

श्रीकांत शेवटून दुसरा, चढाच्या तळाशी पोचला तेव्हा त्याला वरचं दृश्य दिसलं. आपली आई अख्ख्या ईस्ट मिडलंड्समधल्या चाळिशीपलीकडच्या दातांना चिक्कीच्या गुळाचे लाडू भरवते आहे, हे त्याला क्षणभर खरं वाटेना. तो धापा टाकत वर आला. लाडू पुढे आला. श्रीकांतने तोंड घट्ट मिटून घेतलं आणि नाकातून म्हणाला, "नंतर. आई, नंतर."

"बरं, शेवटी घे," मधुमतीबाई म्हणाल्या आणि पुढच्याकडे वळल्या.

सायक्लोक्रॉसमध्ये माणूस तोंडाने श्वास घेतो. नाकाने भागत नाही, त्यातून जानेवारीत तर नाक फक्त वाहायच्या कामाचं असतं. दुसऱ्या फेरीत श्रीकांतला एक नवीन प्रकार दिसायला लागला. त्याच्या पुढे माणसं होती, आणि ती जवळ येत होती. कोणी झाडाला टेकून गालात बोट घालून उभा होता. कोणी सायकल चालवत होता, पण तोंड मिटलेलं, डोळे मोठे, रंग जांभळा. श्रीकांत एकेकाच्या बाजूने पुढे गेला. एकाची दाढेवरची कॅप निघून हातात आली होती आणि तो तिच्याकडे बघत होता.

"जपून ठेवा," श्रीकांत जाता जाता म्हणाला. "सोमवारी सकाळी या."

असं त्याने पुढच्या दोन फेऱ्यांत बऱ्याच जणांना सांगितलं.

माइकवरचा माणूस मघापासून अखंड बोलत होता. मधुमतीबाईंना वाटलं, केव्हाचा बोलतोय, ह्याला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या स्वतः चालत त्याच्या टेबलापर्यंत गेल्या आणि त्याला लाडू दिला. त्यानंतर सबंध पार्कमध्ये लाउडस्पीकरवरून काहीतरी मोठं आणि चिकट फिरवल्याचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला. रेसमध्ये कोण कितवा आहे हे आता कोणालाच कळत नव्हतं. फक्त ट्रेव्हर आपल्या बोटांवर मोजत होता.

"बावीस," श्रीकांत समोरून गेला तेव्हा तो ओरडला. त्यालाही लाडू मिळाला होता, पण त्याची कवळी असल्यामुळे त्याने तो खिशात ठेवला होता.

वाटेत श्रीकांतने अलकाला गाठलं. ती आरामात, ताठ बसून, पुण्याच्या लक्ष्मी रोडवरून चालवावी तशी सायकल चालवत होती. फळ्यांपाशी ती उतरायची, सायकल अलगद पलीकडे ठेवायची, स्वतः बाजूने जायची आणि परत बसायची. तिला मिळालेला लाडू तिने रुमालात बांधून ठेवला होता.

"किती नंबर?" तिने विचारलं.

"बावीस," तो म्हणाला. 

शेवटची फेरी सुरू झाली. चिखलात त्याने आणखी दोघांना मागे टाकलं. "वीस," ट्रेव्हर ओरडला. "वीस, श्री, वीस." त्याने टोपा हवेत उडवला, तो चिखलात पडला. श्रीकांतच्या मागे थोड्या अंतरावर हिरव्या जर्सीतला एक लठ्ठसा माणूस होता. त्याचा लाडू अर्धा विरघळला होता, आणि तो पुन्हा श्वास घ्यायला लागला होता. आता एवढा चढ, मग उतार, मग फिनिश. श्रीकांतने सायकल खांद्यावर घेतली. छाती फुटायची बाकी होती, पण आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपले पाय आपले वाटत होते.

माथ्यावर मधुमतीबाई उभ्या होत्या. डबा रिकामा झाला होता. हातात शेवटचा लाडू होता.

"घे बाबा. आता शेवट आला ना? तिळगूळ घे, गोड बोल."

"आई, दोन मिनिटं. फिनिशनंतर."

तो त्यांच्या बाजूने पुढे गेला. मधुमतीबाई "बरं" म्हणाल्या. रागाने नाही, नुसत्याच म्हणाल्या. त्यांनी लाडू डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. स्टीलच्या डब्याचं झाकण लागल्याचा आवाज श्रीकांतला मागून आला.

तो चार पावलं गेला. सकाळपासून ह्या टेकाडावर साठ-सत्तर परक्या माणसांनी आईच्या हातचा तिळगूळ घेतला होता. एकाने नको म्हटलं नव्हतं. नको म्हणणारा एकटा तिचा मुलगा होता, आणि तेही दोनदा, आणि संक्रांतीच्या दिवशी. त्याला फार वाईट वाटलं. पॉइंट समोर होता, वीस हा आकडा त्याच्या डोळ्यांपुढे नाचत होता, आणि तरी त्याचे पाय थांबले. त्याने मनातल्या मनात सायकलला निरोप दिला आणि मागे वळला.

"दे, आई."

त्याने तोंड उघडलं. मधुमतीबाईंनी लाडू घातला. मग तो वाकला, खांद्यावरच्या सायकलसकट, आणि त्यांच्या पायाला हात लावला. पुढचं चाक त्यांच्या खुर्चीत अडकलं. ते सोडवेपर्यंत हिरवी जर्सी शिस्तीत बाजूने निघून गेली.

"औक्षवंत हो," मधुमतीबाई म्हणाल्या. "सावकाश जा आता."

श्रीकांत एकविसावा आला.

बऱ्याच वेळाने अलका आली. तिने फिनिशची रेघ ओलांडली, सायकल स्टँडला लावली, सलवार मोज्यांतून काढली आणि पुस्तक उघडलं. खुनी कोण ते कळल्यावर ती नवऱ्याजवळ आली.

"आला पॉइंट?"

श्रीकांतने नकारार्थी मान हलवली. बोलायची सोय नव्हती. त्याने आधी गालाकडे बोट केलं, मग आईकडे. अलकाने फुगलेला गाल पाहिला, सासूबाईंचा आनंदी चेहरा पाहिला, आणि तिला सगळं कळलं. तिचं मन भरून आलं. ज्या माणसाने सायकलपायी जेवणाचं टेबल गॅरेजमध्ये ठेवलं, तो एका पॉइंटवर पाणी सोडून आईसाठी मागे फिरला होता. 'जाऊ दे, राहू दे ती सायकल' असं ती आता म्हणणारच होती. शब्द अगदी ओठांवर आले होते.

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. माइकवरच्या माणसाची जीभ नुकतीच मोकळी झाली होती आणि तो जपून, एकेक शब्द करून बोलत होता. आधी पुरुषांचे वीस वाचले. विसावा हिरवी जर्सी. मग बायकांचा गट. पहिली नर्स, दुसरी ती दुसरी, आणि "तिसरी, मिसेस अलका शेव... शेवडी. आठ पॉइंट."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बऱ्याच जणांना दुसरं काही करता येत नव्हतं. ट्रेव्हर चिखलाचा टोपा घालून आला, अलकाचा हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाला, पहिल्या रेसला आठ पॉइंट, क्लबमध्ये असं पूर्वी झालेलं त्याला आठवत नाही.

 मघाचे शब्द अलकाने परत घेतले आणि जरा विचार केला.

घरी जाताना गाडी श्रीकांत चालवत होता. तोंडात लाडू तसाच होता. मागच्या सीटवर मधुमतीबाई रिकामा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. 

"मी काय म्हटलं होतं एप्रिलमध्ये," अलका समोर बघत म्हणाली. "एक तरी पॉइंट घरात आला पाहिजे. आता आठ आलेत. शब्द म्हणजे शब्द. सायकल विकायची नाही."

श्रीकांतने जोरात मान डोलावली. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते सगळंच दाढेमुळे नव्हतं.

"ट्रेव्हर म्हणाला, एप्रिलपासून बायकांच्या रोड रेस आहेत. त्यांनाही माणसं कमी पडतात." तिने काच थोडी खाली केली, परत वर केली. "माझ्या माउंटन बाइकवर नाही जमायचं ते. डायनिंग रूममधल्या सायकलची सीट जरा खाली करून ठेव."

श्रीकांतने तिच्याकडे पाहिलं. आरशात आईकडे पाहिलं. मग रस्त्याकडे. पुढे राउंडअबाउट होता आणि उजवीकडून गाडी येत होती. तो थांबला. लाडवाचा शेवटचा खडा तेव्हा कुठे जिभेवर विरला. आई म्हणाली होती ते खरं होतं, आत तो गोडच होता.

"किती खाली?" त्याने विचारलं.

मधुमतीबाईंनी समाधानाने मागे टेकून डोळे मिटले. "बघ," त्या सुनेला म्हणाल्या, "कसा गोड बोलतोय."